फाट्यावरचा रांजण

रांजण कोरडा पडला की तडकतो. हे मला वयाच्या एकावन्नाव्या वर्षी कळलं, तेही तडकल्यावर.

आमचं गाव पांझरेच्या काठचं. साक्रीहून पिंपळनेरकडे जाताना आमचा फाटा लागतो. तिथे एक म्हातारा निंब, निंबाखाली एस.टी.ची वाट बघायला सिमेंटचा ओटा, ओट्याला लागून चहाची टपरी आणि टपरीच्या मागच्या अंगाला हा रांजण. अर्धा वाळूत पुरलेला, वर लाकडी झाकण, झाकणावर दगड. दगड शेळ्यांसाठी. शेळी झाकण उघडते यावर शहरातल्या माणसाचा विश्वास बसत नाही, पण आमच्या शेळ्या त्याहून अवघड कामं करतात. होळी झाली की मोठी माय त्यात पाणी भरायला लागायची आणि मृगाचा पाऊस पडला की थांबायची. मधले तीन महिने सकाळी दोन हंडे, सांजेला दोन हंडे. हातपंप तिथून दोनशे पावलांवर. वाळू सतत ओली राहायची म्हणून तिने त्यात कोथिंबीर पेरलेली असायची. टपरीवाला ती चुरून मिसळीवर टाकायचा आणि पैसे द्यायचा नाही, यावरून त्यांचं दर उन्हाळ्यात एक भांडण ठरलेलं.

खान्देशातलं ऊन ज्यांना माहीत आहे त्यांना मी काय सांगणार? ज्यांना माहीत नाही त्यांनी मे महिन्यात दुपारी दोन वाजता भुसावळ स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर पाच मिनिटं उभं राहून बघावं. आमच्या साक्रीकडे डोंगर जवळ, त्यामुळे जळगाव-भुसावळपेक्षा थोडं बरं. थोडं बरं म्हणजे चटका तेवढाच बसतो, फक्त लवकर विसरता येतो.

मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. सुट्टीत गावी आलो की मी तिला हंडा डोक्यावर घेऊन फाट्याकडे जाताना बघायचो, आणि बघून पुढे जायचो. नाशिकला एका कंपनीत चोवीस वर्षं हिशेब लिहिले. मग कंपनीने माझाही हिशेब केला आणि चार वर्षांपूर्वी मी गावी परत आलो. लोकांना सांगताना 'शेती करायला आलो' असं सांगतो. आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात मी तिला विचारलं, "मोठी माय, कसाले भरस तू हाई रोज?"

माझ्या मनात उत्तर तयार होतं. पुण्य, तहानलेला जीव, आईवडिलांचे संस्कार, असं काहीतरी ती म्हणेल आणि मी ते मोबाइलवर टिपून ठेवीन. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "भरनं पडस भाऊ. नही भरं ते तडकी जास."

मला वाटलं, म्हातारीला प्रश्न कळला नाही.

*

नाशिकचे मित्र अजून फोनवर म्हणतात, "तुमच्याकडे बाबा अजून माणुसकी आहे." पहिलं वर्ष मीही हो म्हणायचो. दुसऱ्या वर्षी नांगरटीच्या वेळी माझ्या लक्षात आलं की आमच्या वरच्या अंगाच्या शेजाऱ्याने बांध वीतभर आमच्याकडे सरकवला आहे. बांध कोरणं ही आमच्याकडची जुनी कला. एका वर्षी चार बोटं, दुसऱ्या वर्षी चार बोटं, पोराचं लग्न होईपर्यंत एक ओळ कांद्याची जास्त बसते. मी चिडून त्याच्या खळ्यावर गेलो. दुपारची वेळ होती. त्याने मला बघितलं, आधी बाज टाकली, बायकोला हाक मारून ताक मागवलं, टोपी काढून ठेवायला सांगितलं, ऊन लागेल म्हणाला. मी ताक प्यालो. दुसरा पेलाही प्यालो. मग आम्ही बांधावरून भांडलो, चांगले तासभर. निघताना त्याने माझ्या गाडीला वांग्यांची पिशवी अडकवली. बांध अजून तिथेच आहे.

हा माणूस चांगला की वाईट, हे मी बरेच दिवस ठरवत होतो. बायकोने सांगितलं, वांगी चिरून घेते, तोपर्यंत ठरवा.

गाव मायाळू असतं असं म्हणणारा गावात राहिलेला नसतो, आणि गाव म्हणजे नुसती भाऊबंदकी असं म्हणणारा गावात एकटा आजारी पडलेला नसतो. मी दोन्ही बाजूंनी बोलून बघितलं आहे. जे दिसलं ते वेगळंच होतं. गावात कुणी 'मी दयाळू आहे' असा विचार करत बसत नाही. गाव पाळ्या लावतं. कोणाच्या घरी सुतक पडलं की पहिल्या दिवशीचं पिठलं-भाकरी कुणाच्या घरून, दुसऱ्या दिवशी कुणाच्या, हे न बोलता ठरलेलं असतं. ज्याचं वैर आहे त्याच्याही घरून त्याच्या पाळीला टोपलं येतं. भाकरी कडक असते, पण येते.

*

हे पाळीचं वेड आमच्या खोऱ्यात कुठून आलं असेल, याचा मी माझ्यापुरता एक अंदाज केला आहे. आमची नदी पाळीने वाटलेली होती.

पांझरेवर फड पद्धत होती. ३००-४०० वर्षं जुनी म्हणतात. नदीत ठिकठिकाणी दगडी बंधारे, बंधाऱ्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठाले तुकडे पाडलेले, ते फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. एका फडात ऊस तर सगळ्यांचा ऊस, दुसऱ्यात गहू तर सगळ्यांचा गहू, आणि वर्षागणिक पिकं फिरवायची. साधारणपणे प्रत्येकाची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत असायची. यातली गोम अशी की पाणी कमी आलं तर अख्खा एक फड कोरडा ठेवायचा. मग तोटा सगळ्यांचा, थोडा थोडा. कुणा एकाचंच वावर वाळलं आणि शेजाऱ्याचं हिरवं राहिलं, असं व्हायला वाव कमी.

आणि शेतकऱ्याने स्वतः पाण्याला हात लावायचा नाही. पाणी भरायला पाटकरी. पिकाची राखण करायला जागल्या. दोघांवर नजर ठेवायला हवालदार. त्यांचा मेहनताना धान्यात. पाटाचा गाळ काढायला घरटी माणूस. साक्री तालुक्यात काही गावांत अजून फडाचं पाणी फिरतं. आमच्याकडे बंधारा आहे, सांडव्यावर पोरं पोहतात, आणि फड म्हणजे वावराच्या नावात उरलेला शब्द: 'खालच्या फडातलं वावर'. वरच्या अंगाला नदीवर मोटारी बसल्या, ज्याच्या त्याच्या विहिरी झाल्या, ज्याला त्याला वाटेल ते पीक घ्यायची मोकळीक हवी झाली. मलाही हवी आहे, उगाच खोटं कशाला बोलू? शेतकऱ्यांनी आपलं पाणी आपण सांभाळावं म्हणून राज्याने २००५ साली कायदा केला, पाणी वापर संस्था निघाल्या, नोंदणी, ठराव, लेटरपॅड. आजोबांच्या पिढीने तो कागद पाहिला असता तर विचारलं असतं, यात नवीन काय?

मोठी माय वरच्या अंगाच्या एका गावातल्या पाटकऱ्याची मुलगी. हे मला ती गेल्यावर नीट कळलं, तिच्या भावाकडून. ते सांगत होते, बाप सगळ्यांचं पाणी भरून झाल्यावर शेवटी स्वतःच्या तुकड्यात पाणी सोडायचा. एका साली पाणी पुरलं नाही आणि पाटकऱ्याच्याच घरचा गहू वाळला. आई महिनाभर बापाशी बोलली नाही. "मग?" मी विचारलं. "मग काही नाही," मामा म्हणाले, "पुढच्या वर्षी परत तोच पाटकरी."

आमच्या भागात पाण्याच्या गोष्टी निघाल्या की विश्वेश्वरय्यांची गोष्ट निघतेच, तीही सांगून टाकतो. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात ते लागले आणि सुरुवातीलाच त्यांच्या वाट्याला आमच्या तालुक्यातलं काम आलं, दातर्तीजवळ पांझरेच्या पाण्यासाठी नळांचा सायफन बांधायचं. पावसाने अडचण झाली तेव्हा त्यांनी काम पुढे ढकलू द्या असं वरच्या साहेबाला लिहिलं, साहेबाला ते रुचलं नाही, मग त्यांनी पावसातच ते पुरं केलं. कालव्यांसाठी त्यांनी पुढे बसवलेली ब्लॉक पद्धत, म्हणजे जमिनीचे गट पाडून पाणी द्यायची रीत, त्यांना आमच्या फडावरून सुचली, असं आमच्याकडचे म्हातारे छाती फुगवून सांगतात. मला गोष्टीतला तो साहेब आवडत नाही. पण 'पुढे ढकलू द्या' हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा लिहिलं आहे की गोष्ट ऐकताना दर वेळी मान खाली जाते.

*

आता माझी चोरी.

आमची विहीर सामाईक आहे. आजोबांनी खणलेली, त्यामुळे तिघांच्या हिश्श्यात. मोठ्या मायचा मुलगा, ज्याला आम्ही सगळे जिभाऊ म्हणतो, त्याचे आठ आणे, माझे चार आणे, धाकट्या काकांच्या मुलाचे चार आणे. चार दिवसांचा फेरा: दोन दिवस जिभाऊचे, एक माझा, एक त्याचा. शेतीची थ्री फेज लाइट आठ तास, कधी आठवडाभर दिवसा, कधी आठवडाभर रात्री. समोरच्या ब्राह्मणवेलच्या बाजूला डोंगरावर पवनचक्क्यांची रांग आहे, रात्री त्यांचे लाल दिवे लुकलुकतात. वीज तिथे तयार होते आणि आम्ही त्या दिव्यांकडे बघत खाली अंधारात लाइट यायची वाट बघतो. कविता करणाऱ्या माणसाने यावर काहीतरी करायला हवं होतं. मी फक्त बॅटरीचे सेल बदलतो.

दोन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. रात्रीच्या लाइटचा आठवडा. उन्हाळ कांदा पोसायला लागलेला, म्हणजे पाणी चुकवून चालणार नाही असे दिवस. माझ्या पाळीच्या रात्री डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, बिघडली, लाइट आलीच नाही. दुसरी रात्र जिभाऊची. तो शिरपूरला एका नातेवाइकाच्या दहाव्याला गेला होता, मोटारीचं स्टार्टर ऑटोवर टाकून. लाइट आली की मोटार आपोआप सुरू होणार, पाणी त्याच्या वाफ्यात, आणि पाणी वळवायला त्याने एक पोरगा सांगून ठेवलेला. पोरगा आला नाही. मी अकरा वाजता विहिरीवर गेलो, बघितलं, कुणी नाही. पाणी असंच पाटाने फुटून वाया जाईल, त्यापेक्षा मी घेतो, असं मी मनाशी म्हणालो. हे मी खरंच म्हणालो, अगदी शब्दांत, जणू कुणी ऐकत होतं. त्याची मोटार बंद केली, माझी चालू केली. चार तासांनी विहीर फुटबॉलला लागली. (फूटवाल्व्हला आमच्याकडे फुटबॉल म्हणतात, आणि विहीर फुटबॉलला लागणं ही हसण्यासारखी गोष्ट नाही.) मी घरी येऊन झोपलो. झोप लागलीही.

चोरी लपवता येते, ओल लपवता येत नाही. सकाळी जिभाऊ आला तेव्हा माझे वाफे काळे आणि त्याचे पांढरे. तो बांधावर उभा राहिला, तंबाखू मळली, घरी गेला. काही बोलला नाही. आठ दिवस काही बोलला नाही. त्याच्या पुढच्या पाळीला विहिरीत पाणीच पुरेसं साचलं नव्हतं, त्याचा खालचा एक वाफा कोमेजला तो कोमेजलाच. गावातही कुणी काही बोललं नाही. फक्त टपरीवर मी गेलो की बोलणं एकदम हवामानावर यायचं.

नवव्या दिवशी मी त्याच्या ओट्यावर गेलो. चांगली तयारी करून गेलो होतो. डीपी बिघडली, पोरगा आला नव्हता, पाणी वाया गेलं असतं, तरी पण माझं चुकलं, मला माफ कर. मोठी माय आत चुलीशी होती, तिने मान वर केली नाही. जिभाऊने सगळं ऐकून घेतलं.

"माफीनं काय करू?" तो म्हणाला. "वाफामा टाकू का?"

मी गप्प.

"तुनी पाळीना चार घंटा मले दे. बस."

पुढच्या माझ्या पाळीला तो आला. त्याची मोटार चालू केली, मोबाइलमध्ये वेळ बघितली आणि पाणी भरायला लागला. मीही थांबलो, वाफे फोडून देत होतो. साडेतीन तास होत आले तेव्हा मला गहिवर का काय ते आलं. मी म्हणालो, जिभाऊ, राहू दे, आजची अख्खी रात्र तूच घे. त्याने उत्तर दिलं नाही. चार तास झाले तसा तो विहिरीवर गेला, मोटार बंद केली, माझी चालू केली आणि घोंगडी खांद्यावर टाकून निघून गेला. पाच मिनिटंसुद्धा जास्त नाहीत.

त्या रात्री मला त्याचा राग आला. मी मनापासून देत होतो आणि याने ते नाकारलं. बरेच महिने लागले हे कळायला की मी त्याला माझा मोठेपणा देत होतो, आणि त्याला पाणी हवं होतं. तेही त्याचं होतं तेवढंच.

*

रांजणाकडे परत येतो.

पूर्वी त्यात लांब दांड्याचं ओगराळं असायचं. मला लहानपणचं आठवतं. ओगराळ्याचा दांडा लांब का, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. वरून ओतायला सोपं पडावं म्हणून. कोणाच्या ओंजळीत वरून ओतायचं आणि कोणाला पेला द्यायचा हे ओतणाऱ्याला दिसताक्षणी कळायचं. गावाच्या चांगुलपणाला असा दांडा होता, आणि तो आखूड झाला तो आपोआप झाला नाही. आमच्या फाट्यावर तो मोठ्या मायने काढला. एका वर्षी ओगराळं दिसेना. त्याच्या जागी साखळीला बांधलेला एक स्टीलचा पेला, सगळ्यांना एकच. दोन-तीन घरांतून नाकं मुरडली गेली, एकाने येऊन विचारलंही. ती म्हणाली, "वरथीन वतं ते पानी सांडी जास."

खरंच एवढंच तिच्या मनात होतं की तिला पुढचं सगळं माहीत होतं, मला सांगता येणार नाही. पाटकऱ्याची मुलगी होती. सांडलेलं पाणी तिला सहन होत नव्हतं हेही खोटं नाही.

मधल्या काळात फाट्यावर आणखी दोन पाणपोया होऊन गेल्या. एक कापडी मांडवाची, ज्यात माठ दोन आणि फोटो सात. निवडणूक झाल्यावर मांडव गेला, माठ कुणीतरी घरी नेले. दुसरी कुणाच्या तरी स्मरणार्थ, स्टीलचा कूलर, नावाची ग्रॅनाइटची पाटी. दोन महिन्यांत कूलरची मोटार जळाली. आता आत मुंगळे आहेत. पाटी मात्र अजून चकचकीत, पोरं तिच्यात बघून भांग पाडतात.

गेल्या श्रावणात, कानबाईचं विसर्जन झालं त्याच आठवड्यात, मोठी माय ओट्यावरून पडली. खुबा मोडला. धुळ्याला नेलं, ऑपरेशन झालं, घरी आली, पण उठली नाही. पौषात गेली. रांजणाबद्दल तिने कुणालाही काही सांगितलं नाही. मला वाटत होतं, बोलावून सांगेल. नाही सांगितलं.

होळीच्या दुसऱ्या दिवशी मी फाट्यावर गेलो, रांजण घासला, वाळू बदलली, चार हंडे भरले. मोटारसायकलवर कॅन बांधून, हंडा डोक्यावर घ्यायची आपली टाप नाही. फोटो काढला, स्टेटसला ठेवला. एकशे बारा जणांनी बघितला. नाशिकच्या एकाने लिहिलं, 'ग्रेट'. जिभाऊने बघितल्याचं दिसलं, पुढे काही नाही. गावात काहींनी याचा संबंध त्या फेब्रुवारीशी लावला असणार, आणि मी तो लावला नव्हता असं छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

चैत्रात मुलीच्या कॉलेजच्या कामाला नाशिकला जावं लागलं. एका दिवसाचे चार दिवस झाले. जाताना टपरीवाल्याच्या पोराला सांगून गेलो होतो, शंभर रुपयेही दिले होते. त्याने पहिल्या दिवशी भरलं. दुसऱ्या दिवशी त्याची क्रिकेटची मॅच होती.

परत आलो तो रांजणाला तोंडापासून वाळूपर्यंत एक बारीक काळी रेघ. कोथिंबीर करपलेली. झाकण बाजूला पडलेलं. शेळ्यांनीच टाकलं असेल असं म्हणत होतो, तेवढ्यात टपरीवाला ग्लास विसळता विसळता म्हणाला, "रातले एक गाडी उभी ऱ्हायनी व्हती. ऊसतोडवाला. धाकला-धाकला पोरं व्हतात."

एवढंच म्हणाला. मला दोष दिला नाही, पोराला दिला नाही. दिवाळीनंतर पश्चिमेकडच्या पाड्यांवरून माणसं ऊसतोडीला जातात आणि चैत्रात परतू लागतात. पिकअपमध्ये अंथरुणं, भांडी, कोंबड्या, त्यावर झोपलेली पोरं. जाता-येता या फाट्यावर गाडी थांबते, कारण इथे पाणी असतं, हे त्यांच्या ड्रायव्हरला माहीत. कित्येक वर्षं असतं. रात्री टपरी बंद, हातपंप अंधारात, नवख्याला कुठे आहे ते कळणार नाही. कुणीतरी उतरलं असेल, झाकण काढलं असेल, पेला आत घालून बघितला असेल. पेल्याची साखळी रांजणाच्या काठाला आपटली की टण्ण वाजते. तो आवाज मला ऐकलेला नसताना ऐकू येतो.

'सांगून गेलो होतो' हे माझं वाक्य तयार होतं. जिभाऊनेही पोरगा सांगून ठेवला होता, त्या रात्री. तो पोरगा आला नाही त्याचा फायदा मी घेतला, हा आला नाही त्याचा तोटा त्या पोरांना झाला. कंपनीत माझं निम्मं टपाल 'संबंधितांस कळवले आहे' एवढ्यावर संपायचं. त्यावर कुणी पुढे विचारत नसे.

रेघेत सिमेंट भरलं, वरून एमसील. पाणी गळायचं थांबलं. आता केलंच आहे तर नीट करावं म्हणून अख्ख्या रांजणाला छान निळा ऑइलपेंट मारला, वर पांढऱ्या अक्षरांत 'पिण्याचे पाणी'. खाली नाव घालावं का, असा विचार मनात येऊन गेला. घातलं नाही, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवतो. त्यानंतर एकही दिवस चुकवला नाही. सकाळ-सांज, आखाजीपर्यंत.

*

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे हा सण दिवाळीच्या तोडीचा. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके लागतात, सालदाराचं साल या दिवशी संपतं आणि नवं या दिवशी ठरतं. आणि पितरांची घागर भरतात. मातीची घागर पाण्याने भरायची, तिच्यावर पाण्याचं लहान मडकं, त्यावर खरबूज, सांजोऱ्या, कैरी. उंबऱ्याची पूजा करताना एकेका गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं आणि एकेक कुंकवाचं बोट उंबऱ्यावर ओढायचं.

मोठी माय गेल्यानंतरची ही पहिली आखाजी, म्हणून सगळी भाऊबंदकी जिभाऊच्या घरी. बांध कोरणाराही होता, आमरसाला त्याच्याच झाडाच्या कैऱ्या पिकवलेल्या. जिभाऊ उंबऱ्याशी बसला. आजोबांचं नाव, आजीचं, मोठ्या बाबांचं, माझ्या वडिलांचं. शेवटी आईचं नाव घेतलं. आम्ही जन्मभर तिला मोठी मायच म्हणत आलो, तिचं नाव तिथे उंबऱ्यावर ऐकलं तेव्हा क्षणभर कळेना की हे कुणाचं. बोट ओढून झाल्यावर त्याने हात धोतराला पुसला, लाल पट्टा उमटला, त्याचं त्याला भान नव्हतं.

जेवणं झाली. पुरणपोळी, रस, वर झोप. चारच्या सुमारास मी कॅन बांधून फाट्यावर गेलो. ऊन अजून टिपेला. रांजण भरत होतो तेवढ्यात जिभाऊ पायी येताना दिसला, नवा सालदार ठरवून पलीकडच्या वस्तीवरून परतत होता. या रांजणावर होळीपासून तो एकदाही थांबला नव्हता. आज थांबला. पेला घेतला, बुडवला, प्याला. अर्धा पेला निंबाच्या बुंध्याशी ओतला. मग वाकून रांजणाच्या पोटावरून हात फिरवला, वरपासून खालपर्यंत, बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा. खालच्या वाळूत बोटं घातली. वाळू कोरडी.

"रंग मारा का?"

"हो."

"आते याले घाम कसा ई?"

मी निळ्या रंगाकडे बघत राहिलो.

"पानी कोमट से," जिभाऊ म्हणाला. पेला साखळीला सोडून दिला. "रांजन बदल."

आणि धोतराचा सोगा सावरत गावाकडे निघाला.